गप्पांना देह कशाला?

मित्रहो,

पडद्यावर आपली एक बाहुली असेल, ती चालेल, हसेल, हात हलवेल आणि तिच्यामार्फत आपण जगभरच्या लोकांशी बोलू, ही कल्पना जवळपास चाळीस वर्षांची झाली. दर काही वर्षांनी ती नव्या दमाने पुढे येते, सोबत भरपूर पैसा आणते. लोक येतात, डोकावतात आणि परत आपल्या साध्या मेसेजांकडे वळतात. लोक जुन्या वळणाचे आहेत किंवा तंत्रज्ञान अजून कच्चं आहे, अशी कारणं यावर नेहमी दिली जातात. मला ती पुरेशी वाटत नाहीत. माझं म्हणणं असं आहे की नुसत्या गप्पांना देह लागत नाही. एकत्र काहीतरी करायचं असेल, तर लागतो.

सुरुवातीपासून बघू. १९८६ मध्ये लुकासफिल्म गेम्सने कमोडोर ६४ या घरगुती संगणकासाठी ‘हॅबिटॅट’ नावाचं जग चाचणीसाठी खुलं केलं. टेलिफोनच्या तारेवरून लोक त्यात यायचे. बोललेलं डोक्यावरच्या फुग्यात उमटायचं, आवडलं नाही तर आपलं डोकंही बदलता यायचं! चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर हे त्याचे कर्ते. त्यातली एक सोय मला फार महत्त्वाची वाटते. एका दृश्यात मोजकीच माणसं मावायची, म्हणून तिथे ‘भूत’ होता यायचं. भूत झालात की सगळं दिसायचं, पण बोलता यायचं नाही, कशाला हात लावता यायचा नाही. अडचणीतून निघालेली ही युक्ती. पण विचार करा, साध्या चॅटमध्ये आपण बहुतेक वेळ भूतच असतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दीडशे माणसं असतात आणि बोलणारी पाच-सात. बाकीचे लोकलमध्ये उभ्याने वाचतात, पोहे परतता परतता वाचतात, वाचून सोडून देतात. कुणाला त्याचं वाईट वाटत नाही. गप्प राहूनही सोबत असता येणं हे या माध्यमाचं फार मोठं सुख आहे.

बाहुली आली की हे सुख जातं. २००३ मध्ये लिंडेन लॅब या कंपनीने सुरू केलेल्या ‘सेकंड लाइफ’ या बाहुल्यांच्या जगात तुम्ही काही मिनिटं काहीच केलं नाही, तर तुमची बाहुली उभ्या उभ्या मान टाकते आणि तिच्या नावापाशी तुम्ही जागेवर नसल्याची पाटी लागते. तुम्ही दूध उतू जाऊ नये म्हणून स्वयंपाकघरात गेलेले असता, आणि तिकडे चारचौघांत तुमचा देह झोपी गेलेला असतो. म्हणजे आता तुम्हाला दोन ठिकाणची शिस्त पाळायची आहे, घरातली आणि पडद्यातली. दिवसभराच्या कामानंतर हे ओझं कोण आनंदाने घेईल?

आणि तो देह बोलण्यात मदत तरी करतो का? सेकंड लाइफमध्ये तुम्ही टाइप करू लागलात की तुमची बाहुली हवेत बोटं नाचवते, समोर न दिसणारा कीबोर्ड असावा तशी. मी हे जवळून बघितलंय आणि मला त्यात सगळी अडचण दिसते. त्या देहाकडे स्वतःचं सांगण्यासारखं काही नाही. तुम्ही यंत्रासमोर बसला आहात, एवढीच बातमी तो देतो. कट्ट्यावर कुणी नवा आला की बाकीचे न बोलता थोडे सरकतात, जागा होते, ‘बस’ म्हणावंही लागत नाही. भुवई उंचावते, कुणी घड्याळाकडे बघतो, आपण विषय आवरता घेतो. हे सगळं आपल्या नकळत होतं आणि म्हणूनच ते खरं असतं. इथे हसायचं तर हसण्याची कळ शोधून दाबायची, आणि तोवर विनोद शिळा होतो. पाऊल टाकायला एक हात, बघायला दुसरा, आणि टाइप करायला दोन्ही. हे हात आणायचे कुठून?

अंतराचं तर मला आश्चर्यच वाटतं. सेकंड लाइफमध्ये साधं बोललेलं वीस मीटरपर्यंत पोहोचतं, ओरडलेलं शंभर मीटरपर्यंत. पुण्यातल्या आजीचा मेसेज न्यू जर्सीतल्या नातवाला त्याच क्षणी मिळतो, कारण या माध्यमाने अंतर पुसून टाकलं. तेच अंतर आपण कष्टाने रंगवून परत आणायचं आणि मग माणसाला म्हणायचं, चल, आता चालत जा. साहजिकच तिथले जाणते रहिवासीही दूरच्या मित्राशी बोलायला खाजगी मेसेजच वापरतात.

आकडेही तेच सांगतात. सेकंड लाइफला दहा वर्षं झाली तेव्हा, २०१३ मध्ये, कंपनीने सांगितलं की आजवर ३ कोटी ६० लाख खाती उघडली गेली आणि दर महिन्याला येणारे साधारण १० लाख. गूगलचं ‘लाइव्हली’ जुलै २००८ मध्ये आलं आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला बंद झालं. त्यात बाहुल्यांच्या खोल्या होत्या आणि गप्पा होत्या, करण्यासारखं फारसं काही नव्हतं. फेसबुकने २०२१ मध्ये आपलं नावच बदलून ‘मेटा’ केलं आणि ‘होरायझन वर्ल्ड्स’ हे बाहुल्यांचं जग आणलं. पुढच्या वर्षी वॉल स्ट्रीट जर्नलने कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांवरून बातमी दिली की पाच लाखांचं लक्ष्य असताना महिन्याला दोन लाखही माणसं येत नव्हती, आणि आलेली बहुतेक पहिल्या महिन्यानंतर परतत नव्हती. बाहुल्यांना पाय नव्हते यावर तेव्हा जगभर चर्चा झाली. मला नाही वाटत लोक पायांसाठी अडून राहिले होते.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने सांगितली पाहिजे. देह आला की देहाची भीतीही येते. १९९३ मध्ये ‘लॅम्डामू’ या निव्वळ शब्दांच्या जगात एकाने इतरांच्या पात्रांवर अत्याचाराची वर्णनं लादली आणि ज्यांच्यावर लादली त्यांना त्याचा खरा त्रास झाला. होरायझनमध्ये सुरुवातीलाच एका स्त्रीने आपल्या बाहुलीला चाचपडल्याची तक्रार केली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनीला दोन बाहुल्यांत साधारण चार फुटांचं अंतर सक्तीचं करावं लागलं. मेसेजमधल्या त्रासदायक माणसाला आपण ब्लॉक करतो. अंगावर येणाऱ्याच्या बाबतीत ब्लॉकची कळ सापडेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. बायकांनी अशा जागी पुन्हा पाऊल टाकलं नाही, तर त्यांना दोष देऊ नका.

मग हे सगळं फोल आहे का? अजिबात नाही, आणि यासाठीच मला हा विषय जिव्हाळ्याचा वाटतो. एप्रिल २०२० मध्ये, सगळं जग घरात कोंडलेलं असताना, ‘फोर्टनाइट’ या खेळात ट्रॅव्हिस स्कॉट या रॅपरच्या कार्यक्रमाला एकाच वेळी १ कोटी २० लाखांहून जास्त लोक होते. तिथे बाहुलीला काम होतं, नाचायचं, उडायचं. सेकंड लाइफमध्ये आजही टिकून आहेत ते घरं बांधणारे, कपडे शिवून विकणारे, नाटकं करणारे. अंथरुणाला किंवा चाकाच्या खुर्चीला खिळलेली माणसं तिथे नाचतात. त्यांच्यासाठी तो देह हौसेचा नाही, गरजेचा आहे.

आणि ‘व्हीआरचॅट’ या, डोळ्यांवर व्हीआर चष्मा लावून शिरता येणाऱ्या बाहुल्यांच्या जगात कर्णबधिर मंडळी खुणांच्या भाषेत बोलतात. हातातल्या कंट्रोलरला सगळी बोटं नीट ओळखता येत नाहीत, म्हणून त्यांनी तिथल्यापुरत्या काही खुणा बदलून घेतल्या, एकमेकांना शिकवल्या, नव्यांसाठी वर्ग चालवले. ऐकू येणारेही तिथे येऊन शिकतात. ज्यांची भाषाच हातांत आहे, त्यांच्या गप्पांना देह लागतो. कंपन्यांनी पुढचा पैसा बोटं अचूक ओळखणाऱ्या यंत्रांवर आणि ती स्वस्त करण्यावर घालावा, असं मला मनापासून वाटतं. आपल्यासारख्या बाकीच्यांच्या गप्पा मेसेजवर चाललेल्या आहेत, त्या तशाच चालू द्याव्यात.