गादा मोजायचा कसा?

(बेळगावातील वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, बेळगावात समुद्र नाही, मग डॉल्फिनवर व्याख्यान कशाला, असं मघाशी दारातच एका काकांनी विचारलं. मी म्हटलं, काका, रविवारी तुमच्या पिशवीत बांगडा येतो तो कुठून? मालवण, गोवा, कारवार. तोच बांगडा, तीच तारली डॉल्फिनही खातो. तुमची नि त्याची पंगत एकच! शिवाय आपल्या खानापूर तालुक्यात भीमगडच्या रानात उगम पावलेली म्हादई पुढे मांडवी होऊन पणजीपाशी समुद्राला मिळते. त्या मुखाबाहेर, आग्वादच्या बाजूला, हे डॉल्फिन दिसतात. तेव्हा परकं कुणीच नाही.

आज बोलायचंय ते हम्पबॅक डॉल्फिनबद्दल. शास्त्रीय नाव सूसा प्लम्बिया, आणि कोकणातले मच्छीमार म्हणतात गादा. पाठीवर उंचवटा, त्यावर छोटा पर. हा खोल समुद्रात फारसा जात नाही, किनाऱ्याला धरून उथळ पाण्यात राहतो. आणि आपण माणसंही सगळं तिथेच करतो. जाळी तिथे, जेटी तिथे, सांडपाणी तिथे, पर्यटकांच्या बोटीही तिथेच. 2017 पासून जागतिक लाल यादीत तो ‘संकटग्रस्त’ आहे. आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो वाघाच्या शेजारी बसतो.

आता पर्यटकांच्या बोटींचा विषय निघालाच आहे, तर माझं दुखणं सांगतो. दर मे महिन्यात आंबोली उतरून तारकर्ली-देवबागला जाणारे इथे किती आहेत? हात वर करा. बघा, निम्मं सभागृह! मग हे तुम्हीही पाहिलं असेल. सकाळचं शांत पाणी. आधी लांब चोच वर येते, मग डोकं, मग पाठीचा तो उंचवटा, आणि ‘फुस्स’ असा श्वास ऐकू येतो. शेजारी फिकट करड्या रंगाचं पिल्लू, आईच्या कुशीला चिकटून. मी होतो त्या दिवशी पाच-सहा बोटी एकदम त्यांच्यावर सुटल्या. एकाने पुढून वाट अडवली, दुसऱ्याने मागून इंजिन फिरवलं, आणि बोटीतले लोक टाळ्या वाजवत होते. आई बुडी मारायची, पिल्लाला तेवढा दम धरता यायचा नाही, ते लगेच वर यायचं, की पुन्हा इंजिनांचा गलका. पिल्लाचं दूध पिणं थांबलं, आईची शिकार थांबली. बोटवाल्याला दोष देऊन मी मोकळा होत नाही, त्याच्या हंगामाचं पोट त्यावर आहे. पण ‘जवळ घ्या, अजून जवळ घ्या’ असं ओरडणारे आपणच असतो ना? मला त्याचा अजून संताप येतो. 50 मीटर लांब थांबा, बाजूने हळू चला, वाट अडवू नका. एवढं सांगितलं तर बोटवाला नक्की ऐकतो, कारण पैसे आपण देतो.

अध्यक्षांनी दहा मिनिटं उरल्याची चिठ्ठी दिली आहे आणि मोजणीचा मुख्य विषय तर राहिलाच. भरभर सांगतो.

गादा डोकी मोजून मोजता येत नाही, कारण बराच वेळ तो पाण्याखाली असतो. मोजतात पराच्या फोटोंवरून. परावरच्या खाचा, जाळ्याचे वण प्रत्येकाचे वेगळे. समजा, पहिल्या फेरीत 40 पर ओळखले. दुसऱ्या फेरीत 30 दिसले, त्यातले 15 आधीचेच. म्हणजे निम्मे ओळखीचे निघाले, तर पहिले 40 हेही एकूणच्या निम्मेच धरायचे, म्हणून एकूण साधारण 80 असावेत. ज्यांच्या परावर खूणच नाही, त्यांचा हिशेब वेगळा धरावा लागतो.

पण 80 हा अंदाज आहे. खरा आकडा 60 असेल, 110 ही असेल. पुढच्या वर्षी 70 आला तर घटले म्हणायचं का? नाही म्हणता येत. म्हणून वर्षानुवर्षं त्याच पद्धतीने मोजावं लागतं. मादीला एका वेळी एकच पिल्लू, गर्भ जवळपास वर्षभर, आणि पुढचं पिल्लू साधारण तीन वर्षांनी. जाळ्यात अडकून श्वासाविना बुडालेल्या थोड्या माद्यांची भरपाईसुद्धा लवकर होत नाही. घट आकड्यांत स्पष्ट दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून जाळ्यात मेलेल्यांची नोंदही मोजणीइतकीच हवी. ती नोंद देणाऱ्या मच्छीमाराला गुन्हेगार ठरवलं, तर ती कधीच मिळणार नाही. फाटलेल्या जाळ्याचं नुकसान त्याच्याच माथी असतं.

आता माझा आग्रहाचा मुद्दा. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतची मासेमारी त्या त्या राज्याच्या अखत्यारीत. गादा राहतो त्याच पट्ट्यात, आणि तिथे महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक अशी तीन राज्यं ओळीने येतात. सीमा म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. प्रत्येक राज्याने आपापलं मोजलं, तर महाराष्ट्र-गोवा सीमेवरच्या तेरेखोल नदीच्या मुखाशी दिसलेला गादा दोन्हीकडे मोजला जाईल किंवा कुठेच नाही. तिन्ही राज्यांचा परांच्या फोटोंचा एकच संग्रह हवा, एकाच पद्धतीने काढलेला, तिन्ही वनखात्यांना आणि मत्स्यखात्यांना खुला. त्यावरूनच ठरेल की जेटी कुठे नको, जाळी कोणत्या महिन्यात कुठे टाकू नयेत, किती बोटी सोडाव्यात.

वेळ संपली. किनाऱ्यावर जाणाऱ्यांनी एवढं करा: फोटो पिल्लाचा नको, पराचा काढा, तोही लांबून, बाजूने. तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवा. आता प्रश्न घेऊ या, मागच्या रांगेतून कुणी तरी हात वर केला होता.