रेषेवरचा माणूस

मित्रहो, 11 जून 2024 ची रात्र तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. दोहाचं जासिम बिन हमाद स्टेडियम, समोर कतार, आणि फुटबॉल वर्ल्ड कप पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत नक्की जायचं तर आपल्याला जिंकणं भाग. 37 व्या मिनिटाला आपल्या छांगतेनं गोल मारला. पुढची 36 मिनिटं आपण पुढे होतो.

मग 73 वं मिनिट. फ्री किकवर कतारच्या युसूफ आयमननं हेडर मारलं, आपला गोलकीपर गुरप्रीतनं ते अडवलं. चेंडू त्याच्याजवळून घरंगळत गोलपोस्टच्या बाजूनं रेषेबाहेर गेला. गुरप्रीत जमिनीवरच होता आणि आपली पोरं आता कतारला कॉर्नर मिळणार म्हणून थबकली. तेवढ्यात कतारच्या खेळाडूनं बाहेरचा चेंडू पायानं आत ओढला, आयमननं तो जाळ्यात मारला आणि रेफ्रींनी गोल दिला. 85 व्या मिनिटाला दुसरा गोल बसला आणि आपण 2-1 नं हरून स्पर्धेबाहेर पडलो.

मी कोल्हापुरात बरीच वर्षं शिट्टी वाजवली, निशाणही धरलं. म्हणून त्या रात्री मला सगळ्यात आधी लाइनमनची आठवण झाली. नियम सांगतो की चेंडू पूर्णच्या पूर्ण रेषेपार गेला तरच तो बाहेर. एवढासा भाग रेषेवर असला तरी खेळ चालू. आता हे ठरवायचं कुणी? जो समोरच्या बाजूला टचलाइनवर, म्हणजे मैदानाच्या लांब कडेवर, उभा आहे त्या लाइनमननं. मध्ये गोलपोस्ट, गोलकीपर, सहा-सात जणांचे पाय. तो गोलरेषेच्या सरळ रेषेत पोचला नसेल, तर त्याला दिसतो तो चेंडूचा अंदाज.

हे मी अनुभवानं सांगतोय. शाहू स्टेडियमवर एका सामन्यात लाइन माझ्याकडे होती. चेंडू बारला लागून खाली आपटला आणि बाहेर उसळला. मी कॉर्नरच्या निशाणापासून पाच-सहा पावलं मागे होतो. गोल नाही, असं मी ठरवलं. मध्यांतरात गोलपाशी जाऊन पाहिलं. चुन्याची रेषा अखंड होती आणि तिच्या वीतभर आत ओल्या मातीत चेंडूचा गोल ठसा उमटलेला. ज्यांचा गोल मी नाकारला त्या संघातलं एक पोरगं माझ्या शेजारी उभं राहून तोच ठसा बघत होतं. ते काही बोललं नाही. मीही बोललो नाही, आणि ते मला आजही टोचतं.

1986 मध्ये अझ्टेका स्टेडियमवर मॅराडोनानं हातानं गोल केला, तेव्हा ट्युनिशियाचे रेफ्री अली बेन्नासर यांनी लाइनमनकडे पाहिलं होतं. लाइनमन होते बल्गेरियाचे बोग्दान दोचेव्ह. त्यांचं निशाण वर गेलं नाही. मॅराडोना देव झाला, दोचेव्हना मात्र तो गोल जन्मभर पुरला.

पण दोहाबद्दल माझा राग एका माणसावर नाही. 2010 ला ब्लूमफाँटेनमध्ये जर्मनीविरुद्ध लॅम्पार्डचा चेंडू चांगला आत पडूनही गोल दिला गेला नाही. नुकसान इंग्लंडचं होतं, म्हणून जगभर गहजब झाला. 2012 ला चेंडू रेषेपार गेला का ते सांगणाऱ्या गोलरेषेच्या तंत्राला मंजुरी मिळाली आणि 2014 च्या वर्ल्ड कपला ते बसवलंसुद्धा. आमच्या पात्रतेच्या त्या फेरीत मात्र व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून रेफ्रीचा निर्णय तपासायची सोय, नव्हतं. ते ठेवलं होतं पुढच्या फेरीपासून. म्हणजे ज्या फेरीत भारत, कुवेत, अफगाणिस्तान जिवाच्या आकांतानं खेळतात, तिथं कॅमेरा नाही, आणि तिथून जे निसटतील त्यांना कॅमेरा मिळणार! हा अन्याय रेफ्रीच्या शिट्टीआधीच झालेला होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या पेठांच्या सामन्यांत व्हीएआर यायला वेळ लागेल. तोवर दोन्ही गोलरेषांच्या टोकाला एकेक जास्तीचा माणूस उभा करा. आयोजकांना मी हे लेखी दिलंय, आणि येत्या हंगामात त्यातला एक माणूस मी असेन. उन्हातान्हात, सगळे सामने.