दोन गावांच्या दोन चिठ्ठ्या

श्रोतेहो, नमस्कार. खानापुरात माझं मेडिकल आहे. गेल्या पावसाळ्यात नंदगडकडच्या एक वहिनी दुकानात आल्या, हातात मिरजेची चिठ्ठी. त्यांना लुपस आहे. बेळगावच्या डॉक्टरांचं ॲझाथायोप्रिन दोन वर्षं चालू. सांधे दुखतात म्हणून माहेरी गेल्यावर तिथं दाखवलं, रक्तात युरिक ॲसिड वाढलेलं निघालं आणि ॲलोप्युरिनॉल लिहून मिळालं. आधीची गोळी वहिनींनी सांगितली नव्हती, तिथं कोणी विचारलीही नव्हती.

मी ती गोळी दिली नाही. त्यांच्यासमोरच बेळगावला फोन लावला.

लुपसमध्ये शरीराची राखण करणारी शक्तीच आपल्या सांध्यांवर, कातडीवर, मूत्रपिंडांवर उलटते. ॲझाथायोप्रिन तिला आवर घालतं. शरीर ज्या वाटांनी हे औषध मोडून निकामी करतं, त्यांतली एक मोठी वाट ॲलोप्युरिनॉल बंद पाडतं. मग रोजचीच गोळी अंगात साचून कितीतरी जास्त जोर करते. हाडांच्या मगजात रक्तपेशी तयार होणं मंदावतं, पांढऱ्या पेशी घटतात आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. ही दोन्ही औषधं गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या एकाच प्रयोगशाळेतली. १९८८ च्या नोबेलचे ते मानकरी. कधी दोन्ही औषधं द्यावीच लागली, तर डॉक्टर ॲझाथायोप्रिन साधारण पाव हिश्श्यावर आणतात आणि रक्त वरचेवर तपासतात. हे घरी बसून करायचं काम नव्हे.

आपल्या सीमाभागातली माणसं बेळगावला जातात, कोल्हापूर-मिरजेला जातात, कुणी गोव्यालाही. प्रत्येक ठिकाणी वेगळी फाईल. म्हणून माझी कळकळीची विनंती, एक साधी वही घाला. चालू असलेली प्रत्येक गोळी, तिचं प्रमाण, सुरू केल्याची तारीख त्यात लिहा. पाकिटावरचं इंग्रजी नाव वाचता येत नसेल तर दुकानदाराकडून मराठीत लिहून घ्या. तुमचा तो हक्क आहे.

ॲझाथायोप्रिन नवीन सुरू झालं की पहिले काही आठवडे रक्ततपासणी चुकवू नका. हे औषध पचवण्याची ताकद काही जणांत जन्मतःच कमी असते. अशांचे केस सुरुवातीच्या आठवड्यांतच झुपक्यांनी गळू शकतात. केस लुपसनंही गळतात, म्हणून घरचे तिकडं लक्ष देत नाहीत. तुम्ही मात्र लगेच कळवा. रोप लावणीच्या दिवसांत ताप आला तर 'पावसात भिजले म्हणून' असं म्हणत अंगावर काढू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. मनानं गोळी सोडूही नका, आजार उसळतो.

लुपसवर कधी दुसरी औषधंही देतात. त्यांतलं मेथोट्रेक्सेट मिळालं असेल तर ते आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. रोज घेतल्यानं माणसं दगावली आहेत. त्यांतलंच दुसरं मायकोफेनोलेट, त्यावर असताना दिवस जाऊ देऊ नका, बाळाला व्यंग येऊ शकतं. मूल हवं असेल तर निदान सहा आठवडे आधी औषध बदलावं लागतं, म्हणून ठरवतानाच डॉक्टरांशी बोला.

वहिनींची वही आता पोराच्या जुन्या कन्नड शाळेच्या वहीची उरलेली पानं आहेत. परवा त्या आल्या, ती माझ्यापुढं उघडली आणि म्हणाल्या, "आधी हे बघा, मग गोळी द्या."