कोंबडीच्या पिशवीतलं पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

रविवारी सकाळी चिकनच्या दुकानातून आणलेल्या पिशवीच्या तळाशी गुलाबी पाणी साचलेलं असतं. आज बोलायचं आहे ते या पाण्याबद्दल. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू कोंबडीच्या आतड्यात असू शकतात आणि सोलताना-कापताना मांसाला लागतात. कोंबडी तुमच्या डोळ्यांदेखत कापलेली असली तरी हे टळत नाही. रस्सा नीट उकळला की जंतू मरतात. पण ओट्यावरच्या काकडीला लागलेले मरत नाहीत, कारण काकडी आपण कच्चीच खातो.

म्हणून दुकानात जाताना घट्ट झाकणाचा डबा न्या. चिकन भाजीच्या पिशवीत ठेवू नका. ते बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नका, कडक उन्हाळ्यात एक तासच. फ्रिजमध्ये सर्वांत खालच्या फळीवर, खोलगट भांड्यात ठेवा, म्हणजे पाणी खाली गळणार नाही. तिथं ते एक-दोन दिवस टिकतं. त्याहून जास्त ठेवायचं तर फ्रीझरमध्ये. गोठलेलं चिकन आदल्या रात्री फ्रीझरमधून खाली फ्रिजमध्ये काढून ठेवा. ओट्यावर ठेवलं तर आत बर्फ असतानाच वरचं मांस कोमट होतं आणि जंतू वाढायला लागतात.

आता धुण्याचं. पाण्यानं जंतू जात नाहीत, उलट नळाच्या धारेनं शिंतोडे शेजारच्या भांड्यांवर उडतात. खरं तर धुवू नये हेच बरं. पण पिसं, रक्ताच्या गाठी, हाडांचा चुरा काढायचाच असेल, तर आधी सिंकजवळची भांडी हलवा, पातेल्यात पाणी घेऊन त्यात तुकडे हलक्या हातानं बुडवा आणि ते पाणी सिंकच्या तळाशी हळूच ओता. मग सिंक साबणानं घासा. हळद-मीठ चवीसाठी लावा. त्यानं चिकन निर्जंतुक होत नाही.

कामाचा क्रम फार महत्त्वाचा. कोशिंबीर आधी चिरून झाकून ठेवा. लागणारा मसाला आधीच वाटीत काढा, कारण चिकनचे हात मिसळणाच्या डब्यात गेले की तो डबा पुढे महिनाभर वापरात राहतो! हात साबणानं किमान वीस सेकंद धुवा, नखांखालीही. नळाची चावीही पुसा. सुरी-पाट साबण आणि गरम पाण्यानं धुवा. ओट्याचं फडकं मात्र या कामाला नकोच. जुना कागद वापरा आणि टाकून द्या. मसाला लावलेलं चिकन मुरायला फ्रिजमध्येच ठेवा आणि त्यातला उरलेला मसाला शिजलेल्या तुकड्यांवर ओतू नका.

रश्श्यातलं चिकन सहसा नीट शिजतं. फसतं ते तव्यावरचं आणि निखाऱ्यावरचं, बाहेरून करपलेलं, हाडाजवळ कच्चं. थर्मामीटर असेल तर तंगडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, 74 अंश सेल्सिअस दिसायला हवं.

उरलं कातडं, चरबी, हाडं. हा ओला कचरा आहे, पण गच्चीवरच्या खताच्या कुंडीत घालू नका. घरच्या कुंडीत जंतू मरण्याइतकी उष्णता सहसा तयार होत नाही, वास सुटतो आणि उंदीर येतात. कांद्याची सालं, कोथिंबिरीचे देठ, अंड्याची टरफलं खुशाल घाला, वर दुपटीनं सुका पाला पसरा. कुंडीला वास आला तर पाला कमी पडलाय असं समजा.

मांसाचा कचरा कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात, फ्रीझरमध्ये घंटागाडी येईपर्यंत ठेवा आणि सकाळी ओल्या कचऱ्यात द्या. शिजलेली हाडं गल्लीतल्या कुत्र्यांना घालू नका. ती टोकदार फुटतात आणि घशात, आतड्यात रुततात.

आणि पिशवी घरात आलीच, तर ती तशीच सुक्या कचऱ्यात टाकू नका. तो कचरा कुणीतरी हातानं वेगळा करतं. पिशवीत साबणाचं पाणी भरा, हळूच रिकामी करा, वाळवा आणि मगच सुक्यात टाका.