सुएन्यो : झोप की स्वप्न?

मित्रहो, स्पॅनिश शिकायला लागलं की 'सुएन्यो' हा शब्द लवकरच भेटतो. आपण वहीत त्याच्यासमोर 'झोप, स्वप्न' असं लिहितो आणि पाठ करतो. मी माझ्या वर्गात सांगते, असं करू नका. हा शब्द कुणाच्या सोबतीनं येतो, ते ऐका.

'तेंगो सुएन्यो' म्हणजे मला झोप आलीय. मध्ये 'उन' आलं, 'तेंगो उन सुएन्यो', की माझं एक स्वप्न आहे. चला, नियम सापडला! तोच रात्री कुणीतरी डोळे चोळत म्हणतं, 'तेंगो उन सुएन्यो के मे काइगो'. म्हणजे इतकी झोप आलीय की आता पडेन. 'उन' तेच, पण इथे ते झोप किती अनावर आहे ते सांगतं. ते कानालाच कळतं, वहीला नाही.

काळजीनं झोप उडते तिथे 'सुएन्यो' झोपच असते. पण 'नि एन सुएन्योस!' म्हणजे अगदी आपलं 'स्वप्नातसुद्धा नाही!' आणि स्वप्नात कुणी आलं तर स्पॅनिश माणूस 'सोन्ये कोन्तिगो' म्हणतो, शब्दशः 'तुझ्यासोबत स्वप्न पाहिलं'. मराठीत तू माझ्या स्वप्नात येतोस. तिथे मी तुझ्यासोबत स्वप्न पाहते. मला हा फरक फार आवडतो.

हे दोन अर्थ एकत्र आले कसे? लॅटिनमध्ये शब्द दोन होते: 'सोम्नुस' म्हणजे झोप, 'सोम्निउम' म्हणजे स्वप्न. पिढ्यान्‌पिढ्या बोलताना त्यातल्या 'म्न'चा 'न्य' झाला आणि दोघांचा मिळून एकच 'सुएन्यो' उरला. शेजारच्या पोर्तुगीजनं मात्र दोन्ही वेगळे ठेवले, 'सोनु' झोपेला आणि 'सोन्यु' स्वप्नाला. गोव्यात पोर्तुगीजमधून शिकलेली एखादी आजी स्पॅनिश ऐकताना इथे नक्की थबकेल.

आपण मात्र थबकायचं कारण नाही. 'सोम्नुस' आणि आपलं 'स्वप्न' एकाच मुळाचे. गीतेच्या सहाव्या अध्यायातला सतरावा श्लोक आठवा: 'युक्तस्वप्नावबोधस्य योगो भवति दुःखहा'. लहानपणी आपल्यापैकी कितीतरी जणांनी तो घोकलाय. इथे 'स्वप्न' म्हणजे पडणारं स्वप्न नव्हे, सरळ झोप. झोपणं आणि जागणं ज्याचं प्रमाणात आहे, त्याच्याबद्दल तो बोलतो. संस्कृतात हा एकच शब्द दोन्ही अर्थांनी नांदत होता. मराठीत झोपेसाठी 'झोप' आणि 'नीज' रुळले, आणि 'स्वप्न' फक्त पडण्यापुरतं राहिलं.

आता स्पॅनिश चित्रकार गोयाचं एक चित्र. 1799 साली त्यानं 80 छापचित्रांचा संच प्रसिद्ध केला. त्यातल्या 43व्या चित्रात एक माणूस मेजावर डोकं टेकून पडलाय, मागे घुबडं आणि वटवाघळं घिरट्या घालताहेत. मेजावर लिहिलंय, 'एल सुएन्यो दे ला रासोन प्रोदुसे मोन्स्त्रुओस'. 'विवेक झोपला की राक्षस जन्मतात' असं मराठी करावं, की 'विवेकाचं स्वप्नच राक्षस जन्माला घालतं' असं? पहिल्यात दोष विवेकाच्या गैरहजेरीचा, दुसऱ्यात खुद्द विवेकाचा. चित्रातला माणूस खरोखर झोपलेला आहे, म्हणून मी झोपेच्या बाजूनं आहे. पण स्पॅनिश वाचणाऱ्याला दोन्ही एकदम ऐकू येतं, आणि मराठीत लिहिताना मला त्यातलं एक खोडावं लागतं.