दहा थेंब, एकच गांधी

हा ताईंचा हात बघा, त्यावर टोचून अ‍ॅलर्जीची टेस्ट चाललीय. मनगटापासून कोपरापर्यंत पेनाच्या खुणा, शेजारी आकडे, आणि दोन खुणांत निदान दोन सेंटीमीटर अंतर, नाहीतर एकीची सूज दुसरीत मिसळते मग मोजणार काय डोंबल. ताईंना सहा वर्षं झाली, सकाळी उठल्या की शिंका, फोडणीचा धूर, उदबत्ती, एसीतून बाहेर आलं की नाक गळायला सुरुवात. घरच्यांनी कधीच ठरवून टाकलंय, अ‍ॅलर्जी आहे. टेस्टसाठी आठवडाभर सेट्रिझिन, म्हणजे अ‍ॅलर्जीची रोजची गोळी, बंद ठेवली, ती चालू असली की गांधी, म्हणजे कातडीवरची खाजरी फुगी, उठतच नाही आणि टेस्ट उगाच निगेटिव्ह येते.

आता थेंब. धुळीतले माइट्स म्हणजे डोळ्यांना न दिसणारे किडे, झुरळ, बुरशी, गवताचे परागकण, मांजर, कुत्रा... एकूण आठ, आणि तुलनेला दोन, एक नुसतं सलाईन आणि एक हिस्टामिन, ज्यानं कुणाचीही कातडी फुगायलाच हवी. प्रत्येक थेंबातून लॅन्सेटचं, म्हणजे टोचायच्या छोट्या सुईचं, टोक जेमतेम एक मिलिमीटर आत, रक्त येता कामा नये. दर वेळी लॅन्सेट नवं, हा टिक टिक आवाज वापरलेली डब्यात पडतायत त्याचा.

मग पंधरा-वीस मिनिटं नुसतं बसायचं, खाजवायचं नाही. मँचेस्टरच्या डॉक्टर चार्ल्स ब्लॅकलीनं तर स्वतःच्याच हाताची कातडी खरवडून त्यावर परागकण लावले होते, त्याला स्वतःला ‘हे फीवर’, म्हणजे परागकणांच्या अ‍ॅलर्जीची सर्दी, होता ना, १८७३ च्या पुस्तकात सगळं लिहून ठेवलंय पठ्ठ्यानं.

टायमर वाजला. हिस्टामिनच्या जागी गांधी, भोवती लाल कडा, पट्टीवर सहा मिलिमीटर, म्हणजे कातडी झोपलेली नाही. सलाईनच्या जागी काही नाही, हेही बरंच, काहींची कातडी नुसत्या टोचण्यानंसुद्धा फुगते. बाकी आठांपैकी एखादी सलाईनपेक्षा तीन मिलिमीटरनं मोठी असती तर पॉझिटिव्ह धरली असती. एकही नाही.

म्हणून त्रास खोटा ठरत नाही हं. धूर, वास, गार हवा लागली की नाकातल्या नसाच जास्त चिडतात, त्यात अ‍ॅलर्जीच्या अँटिबॉडीचा संबंधच नसतो. थोड्या जणांची अ‍ॅलर्जी फक्त नाकातच लपलेली असते, हातावर दिसत नाही, त्यासाठी नाकात अ‍ॅलर्जन, म्हणजे अ‍ॅलर्जी करणारा पदार्थ, टाकून वेगळी तपासणी करतात. ताईंची रोजची गोळी बंद झाली, नाकाचा स्प्रे सुरू झाला.

स्पिरिटच्या बोळ्यानं खुणा पुसतायत, सात नंबरची शाई काही जाईना.