इशारा पातळी

(पहाट. पावसाची रिपरिप. राजाराम बंधारा, पाण्यात अर्धी बुडालेली मोजपट्टी.)

पावसाळ्यात कोल्हापुरात कुणी कुणाला ‘काय चाललंय’ विचारत नाही. ‘पाणी किती?’ विचारतात. उत्तर फुटा-इंचांत येतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका. हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. नदीकाठच्या गावांत म्हशींची दावी कधी सोडायची, हे ह्या पट्टीवर ठरतं.

२०१९च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे–बंगळुरू महामार्गच पाण्याखाली गेला, आणि कट्ट्याकट्ट्यावर एकच नाव निघालं : अलमट्टी. धरण कर्नाटकात, पाणी आपल्या उंबऱ्याशी. धरणात अडलेलं पाणी मागे फुगतं म्हणतात; त्या फुगवट्याचा दोष किती, यावर अजून जोरात भांडणं होतात. आपण त्यात पडायला नको. पण पाऊस धरला की दोन राज्यांचे अधिकारी विसर्गाच्या आकड्यांसाठी एकमेकांना फोन लावतात, एवढं ध्यानात ठेवा. कारण ही गोष्ट पुराची नाही, औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंची आहे.

(प्रयोगशाळा. पांढऱ्या उजेडात एक गोल काचेची थाळी.)

कुणाच्या तरी लघवीच्या नमुन्यातले हे ई. कोलाय जंतू. काल संध्याकाळी थाळीवर पसरले, वर अँटिबायोटिक औषधांत भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवल्या. एकेक चकती ६ मिलिमीटरची, टिकलीएवढी. रात्रभर थाळी उबेत राहिली. आता बघा. ह्या चकतीभोवती स्वच्छ मोकळं वर्तुळ आहे : औषधानं जंतू मारले. आणि ही शेजारची? जंतू अगदी कडेला भिडलेत. औषधाला दादच दिलेली नाही.

तंत्रज्ञ पट्टी लावते आणि वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये लिहून घेते. डॉक्टर ज्याला ‘कल्चर रिपोर्ट’ म्हणतात, त्यातला एस किंवा आर ह्या मापावरून येतो. एस म्हणजे औषध चालेल. आर म्हणजे दुसरं शोधा.

ह्या मिलिमीटरमागचा खटाटोप मात्र फारसा कुणाला माहीत नसतो. थाळीतला थर थोडा जाड झाला तरी वर्तुळ लहान येतं. मग इथलं १४ आणि स्टॉकहोमचं १४ एकच, असं कसं म्हणायचं? १९७१ साली स्वीडनचे एरिक्सन आणि सिअ‍ॅटलचे शेरिस यांनी अनेक देशांतल्या प्रयोगशाळांना सोबत घेऊन केलेला अभ्यास प्रसिद्ध केला, तो ह्याच प्रश्नावर. शिवाय जगभरच्या प्रयोगशाळा एक ठरावीक जंतू सांभाळून ठेवतात. १९४६ साली सिअ‍ॅटलमध्ये मिळालेला ई. कोलाय, २५९२२ क्रमांकाचा. तो थाळीवर वाढवून बघायचा. त्याचं वर्तुळ ठरलेल्या मापात आलं नाही, तर दोष जंतूचा नाही, आपल्या थाळीचा किंवा चकतीचा. किराणा दुकानात वजनं तपासायला येतात, तसंच. विरजणासारखा हा जंतू घराघरांतून फिरत, ऐंशी वर्षं टिकून राहिलाय.

आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हटलं की डोळ्यांपुढे झेंडे आणि हस्तांदोलनं येतात. मला विचाराल तर त्याचा खरा चेहरा ही टिकलीएवढी चकती आहे.

(नकाशा.)

पुढचा प्रवास झटपट सांगतो. मापं ‘हूनेट’ नावाच्या मोफत संगणकप्रणालीत भरता येतात. भारतातली माहिती दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रामार्फत जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘ग्लास’ ह्या नोंदजाळ्यात जाते. ते सुरू झालं २०१५ साली. म्हणजे जगाचा राजाराम बंधारा म्हणा हवं तर.

पाणी किती चढलंय? २०१९ ह्या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे थेट १२ लाख ७० हजार माणसं दगावली, असा ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकातला अंदाज आहे. ज्यांच्या मृत्यूत ह्या जंतूंचा हात होता, ती सगळी धरली तर साडेएकोणपन्नास लाख.

पट्टीला सगळंच दिसतं असंही नाही. नमुने येतात मुख्यतः मोठ्या दवाखान्यांतून. ताप आला म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून दोन गोळ्या घेणारा, बरं वाटताच उरलेल्या कपाटात टाकणारा, कुठल्याच थाळीवर येत नाही. पाकिटावरची उभी लाल रेघ आपण सगळ्यांनी पाहिलेली असते. चिठ्ठीशिवाय घेऊ नका, असं ती सांगते. आपण ती नक्षी समजतो.

(गोठा. म्हशी. धारेचा आवाज.)

आणि गोठा? तिथं तर पट्टी आत्ता कुठे रोवली जातेय.

ह्या बाबतीत चीनची हकीकत ऐकण्यासारखी आहे. कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटचं राखून ठेवलेलं औषध. तेच जनावरं लवकर भरावीत म्हणून खाद्यातून दिलं जात होतं. नोव्हेंबर २०१५मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की डुकरांतल्या जंतूंकडे कोलिस्टिन पचवणारं एक जनुक सापडलंय, आणि एक जंतू ते दुसऱ्याला उसनं देऊ शकतो. त्यांनी ते दडवलं नाही. काही आठवड्यांत डेन्मार्कने आपले साठवलेले नमुने उघडून बघितले, तर जनुक तिथंही हजर. मग चीनने खाद्यातलं कोलिस्टिन बंद केलं. भारताने जुलै २०१९मध्ये कोंबड्या, मासे, दुभती जनावरं, सगळ्यांसाठीच त्यावर बंदी घातली. वरच्याने वेळेत सांगितलं, खालच्याने ऐकलं. असं रोज घडत नाही.

सप्टेंबर २०२४मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत सगळे देश जमले. २०३०पर्यंत हे मृत्यू १० टक्क्यांनी कमी करायचे, असं ठरलं. जनावरांतला वापर ३० टक्क्यांनी घटवायचा आकडाही आधीच्या मसुद्यात होता. शेवटच्या कागदावर आकडा गेला, ‘लक्षणीय घट’ एवढे शब्द राहिले. दवाखान्याला ४३ फूट ठरवून दिले, गोठ्याला सांगितलं, पाणी फार वाढू देऊ नका.

(करवीर तालुक्यातलं एक गाव. संध्याकाळ.)

इथं प्रश्न दोन-चार लिटरचा असतो. म्हशीला दगडी झालीय, कास सुजून घट्ट. जनावरांच्या डॉक्टरांनी सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडली. औषध सुरू असेपर्यंत आणि त्यानंतर पाकिटावर लिहिलेले दिवस सरेपर्यंत ह्या म्हशीचं दूध डेअरीला घालायचं नाही. डेअरीच्या पावतीवर लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर असतो. काल जनावराला काय टोचलं, हा रकाना नसतो. घरात मात्र ते कधीकधी कळतं. अशा दुधाला विरजण लावलं तर दही धड लागत नाही, कारण दह्याचे जंतूही त्याच औषधाने मरतात.

हळद, कोरफड आणि चुन्याचा लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळही सुचवतं. वेळेत लावला तर ट्यूबची पाळी टळू शकते. ह्या घरात तो उशिरा कळला.

मावशी चरवी बाजूला ठेवतात.

“रेडकाला पाजू का हे?”

“नको मावशी. त्याच्या पोटातले जंतूही निर्ढावतील.”

“डेअरीला घालू नको म्हणता, रेडकाला नको म्हणता. मग वतू कुठं, डॉक्टरसाहेब?”

डॉक्टर गोठ्यामागे बघतात. तिथं उतार आहे. उताराखाली ओढा, आणि ओढ्यापुढे पंचगंगा.